‘चेक’ हा एकच शब्द आहे की चार? बँकेतला, कापडावरचा, वहीवरचा आणि बुद्धिबळातला

रावपुऱ्यातली आई (वडोदरा)

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या घरी एक प्रश्न निघाला आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, म्हणून तो इथे मांडते आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आठवीत शिकते. घरात आम्ही मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, ही वडोदऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांची रीतच आहे. दुपारी ती आजोबांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, बुद्धिबळ खेळत होती. घोडा पुढे आणून ती म्हणाली, ‘चेक.’ सासरे म्हणाले, ‘शह म्हण. खेळ आपला आहे, शब्दही आपला वापर.’ त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने मला विचारले, ‘आई, बँकेतून बाबा आणतात तो चेक, त्यांच्या चौकड्यांच्या शर्टालाही चेक्स, बाई वही तपासतात तेही चेक, आणि राजावर हल्ला केला तरी चेक. असे कसे?’

मी तिला सांगून टाकले की हे वेगवेगळे शब्द असावेत, केवळ उच्चार सारखे आहेत. जसा आपला ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवारही, तलवारीचा घावही आणि कापड मोजायचे मापही. पण सांगताना माझे मलाच पटत नव्हते. रात्री शब्दकोश उघडला तेव्हा बँकेतल्या चेकचे स्पेलिंग निराळे दिसले आणि गोंधळ वाढला. हे खरोखर वेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाचे अर्थ पसरत गेले आहेत? चौकड्यांच्या कापडाला चेक म्हणतात त्याचा आपल्या ‘चौक’, ‘चौकडा’ या शब्दांशी काही संबंध आहे का? कोणी नीट समजावून सांगितल्यास मुलीला मी चुकीचे सांगितले असेल तर ते दुरुस्त करता येईल.

अडीच घरे

ताई, आपल्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आपण सांगितलेल्या प्रसंगातच आहे, कारण त्या दुपारी आजोबा आणि नात एकच शब्द उच्चारत होते. ‘शह’ आणि ‘चेक’ हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार आहेत. तो शब्द ‘शाह’, म्हणजे राजा.

बुद्धिबळ भारतातून इराणात गेले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास. तिथे प्रतिपक्षाच्या राजावर मोहरा रोखला की खेळाडूने तोंडाने ‘शाह’ असे म्हणून समोरच्याला सावध करायचे, अशी रीत होती. आपण ‘शह’ म्हणतो तो नेमका हाच पुकारा. खेळ इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेला, तेव्हा पुकाराही त्याच्याबरोबर गेला. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘शाह’मधल्या शेवटच्या ‘ह’चा ‘क’ झाला. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत ‘एश्चेक’ हे रूप तयार झाले, आणि इंग्रजीने चौदाव्या शतकाच्या सुमारास सुरुवातीचा ‘ए’ टाकून ‘चेक’ घेतले. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजीत खेळाचे नाव ‘चेस’ आले. म्हणजे चेस या नावाचा मूळ अर्थ ‘राजे’ किंवा ‘शह’ एवढाच आहे. जर्मन भाषेत या खेळाला ‘शाख’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘स्काक्की’, आणि रशियनमध्ये तर ‘शाख्मती’, म्हणजे सरळसरळ ‘शहमात’.

मराठीने मात्र हा शब्द इतका लांबचा प्रवास न करता थेट फारसीतून घेतला. म्हणून आजोबांचा ‘शह’ मुळाच्या जवळ राहिला आणि नातीचा ‘चेक’ अर्धे जग हिंडून वडोदऱ्यात पोहोचला. आजोबांचा आग्रह मला समजतो, माझेही वडील ‘शह’च म्हणत असत. पण दोघांपैकी कोणीही चूक नव्हते, हे त्यांना अवश्य सांगावे.

आता अर्थ कसे पसरले ते पाहू. शह मिळाला की डाव एकदम थबकतो. मनात योजलेली चाल बाजूला ठेवून आधी राजाला सोडवावे लागते. या अनुभवावरून इंग्रजीत चेक म्हणजे ‘अचानक आलेला अडथळा’ असा अर्थ झाला, मग ‘आवर घालणे, लगाम खेचणे’ असा झाला. आवर घालायचा तर लक्ष ठेवावे लागते, लक्ष ठेवायचे तर पडताळून पाहावे लागते, आणि या वाटेने सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘तपासणे’ हा अर्थ रूढ झाला. बाई वही चेक करतात तो हा अर्थ. यातले पहिले पाऊल मराठी ‘शह’नेही टाकले आहे. राजकारणात एकाने दुसऱ्याला शह दिला, शह-काटशह सुरू झाले, असे आपण रोज वाचतो, तिथे पट नसतो आणि प्यादीही नसतात. मात्र मराठीतला शह ‘अडवणे’ या अर्थापाशी थांबला, ‘तपासण्या’पर्यंत गेला नाही. त्या कामासाठी तपासणे, पडताळणे, पारखणे असे शब्द आपल्याजवळ आधीपासून होते.

म्हणून मुलीला ‘वार’चे उदाहरण देण्याऐवजी ‘पाना’चे द्यावे. झाडाचे पान, पुस्तकाचे पान आणि विड्याचे पान हे तीन शब्द नव्हेत. ते एकच संस्कृत ‘पर्ण’ आहे आणि अर्थ एकातून दुसरा फुटत गेले आहेत. ‘चेक’ हा पानासारखा शब्द आहे.

जाता जाता ‘मात’विषयीही सांगतो. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. परंतु फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि बहुतेक अभ्यासक हा दुसरा अर्थ मूळचा मानतात. खेळाच्या स्वभावाशीही तोच जुळतो: बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही. आपण ‘आजारावर मात केली’ म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरत असतो.

सुरसागरकाठ

उत्तर वाचून आनंद झाला, परंतु एक शंका आहे. खेळ मूळचा आपला आणि त्याचे नाव ‘चतुरंग’. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, यात कोणाचे दुमत नाही. मग इंग्रजी ‘चेस’ किंवा ‘चेक’ हे ‘चतुरंग’वरूनच आले असणार, असे मानणे अधिक स्वाभाविक नाही का? आपणच म्हणता की फारसीतून अरबीत आणि पुढे युरोपात गेले. मग मूळ नावच का गेले नाही? आणि ताईंनी विचारलेल्या ‘चौकड्या’चे काय? ‘चेकर’ आणि ‘चौकडा’ यांतले साम्य मला योगायोगाचे वाटत नाही.

अडीच घरे

आपली शंका रास्त आहे. मूळ नावही गेले, पण वेगळ्या वाटेने. संस्कृत ‘चतुरंग’चे फारसीत ‘चतरंग’ झाले आणि अरबीत ‘शतरंज’. अरबांनी स्पेनवर कित्येक शतके राज्य केले, त्यामुळे स्पॅनिशमध्ये खेळाचे नाव ‘आखेद्रेस’ झाले आणि पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेस’. या दोन्ही नावांत आपला चतुरंग आजही ओळखू येतो. उरलेल्या युरोपने खेळाचे नाव न घेता खेळताना कानावर पडणारा पुकारा घेतला. एकाच खेळाच्या नावांची अशी दोन कुळे आहेत, आणि इंग्रजीतली नावे दुसऱ्या कुळातली आहेत. खेळ आपल्याकडचा आहे याचा अभिमान मलाही आहे. पण म्हणून प्रत्येक शब्द संस्कृतात नेऊन बसवला तर या प्रवासातला इराणचा आणि अरबांचा वाटा आपण पुसून टाकतो, आणि ते न्याय्य होणार नाही.

‘चौकडा’ हा मात्र निव्वळ योगायोग आहे. ‘चौक’ संस्कृत ‘चतुष्क’वरून आला, त्यात ‘चार’ हा आकडा आहे. ‘चेकर’मध्ये चार कुठेच नाही, त्यात राजा आहे. दोन्ही शब्द चौकटींच्या नक्षीपाशी येऊन भेटले, एवढेच. अशा भेटी भाषांमध्ये होत असतात, आणि केवळ उच्चार जुळला म्हणून नाते जोडू नये हे त्यांवरून शिकता येते. ‘चेक प्रजासत्ताका’तला ‘चेक’ही असाच संबंध नसलेला आहे, ते तिथल्या लोकांचे स्वतःचे नाव आहे.

स्थळप्रत

मी एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. कापड आणि बँक यांचा भाग अजून कोणी सांगितलेला नाही, आणि माझ्या मते या शब्दाच्या चरित्रातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या खजिन्याचा हिशेब वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमस या सणाला होत असे. परगण्यापरगण्यातून सारा वसूल करणारे अधिकारी, ज्यांना शेरीफ म्हणत आणि ज्यांचे काम साधारणपणे आपल्या मराठी राज्यातल्या कमाविसदारासारखे होते, त्यांना खजिनदारासमोर बसून जमा-खर्च द्यावा लागे. त्या काळी इंग्लंडच्या कारभारात आपली दशमान अंकपद्धती पोहोचलेली नव्हती. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे किती जिकिरीचे आहे, ते कोणीही करून पाहावे. म्हणून सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज असे, त्याच्या कडांना चार बोटे उंचीची कड, आणि वर रेघा आखलेले काळे कापड. रेघांनी पडलेल्या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब होई: एक रकाना पेनीचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, पुढे विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. आपल्या जुन्या वहीखात्यांत रुपये, आणे आणि पै यांचे वेगवेगळे रकाने असत, तसेच हे.

हे कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या मेजाला पटाचेच नाव मिळाले: लॅटिनमध्ये ‘स्काकारिउम’, नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘एश्चेकिए’, आणि इंग्रजीत ‘एक्सचेकर’. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कचेरीच्या कामकाजावर गुरू-शिष्य संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. या नावाचे कारण सांगताना तो केवळ दिसण्यावर थांबत नाही. पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी या मेजावर खजिनदार आणि शेरीफ यांच्यात हिशेबाची लढाई होते, आणि बाकीचे लोक पंच होऊन पाहत बसतात, असे तो म्हणतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी ऑडिटला तोंड दिले आहे, त्याला हे वर्णन आठशे वर्षांनंतरही अक्षरशः खरे वाटेल. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवला जातो, म्हणजे शब्दशः तो बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री आहे.

पटावरची घरे म्हणजे ‘चेकर’, आणि तशी घरे विणलेले कापड ते चेकर्ड, त्याचेच आखूड रूप ‘चेक’. ताई, आपल्या यजमानांचा चेक्सचा शर्ट इथून आला.

आता बँकेतला चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ हे पैसे देण्याच्या आदेशाचे नाव नव्हते. आपण स्वतःजवळ ठेवतो त्या अर्ध्या कागदाला, म्हणजे स्थळप्रतीला, चेक म्हणत, कारण आदेश खरा की बनावट हे पडताळायला, फसवणुकीला आवर घालायला, ती उपयोगी पडे. पुढे ज्या कागदाची अशी स्थळप्रत असे त्या कागदालाच चेक म्हणू लागले. म्हणजे अर्थ ‘तपासणे’ या फांदीवरून आला. स्पेलिंग मात्र ‘एक्सचेकर’ डोळ्यांसमोर ठेवून ‘क्यू-यू-ई’ या अक्षरांनी संपणारे केले गेले, आणि ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात ते रूढ झाले. अमेरिकेत जुने साधे स्पेलिंगच राहिले, आणि तिथे उपाहारगृहातल्या बिलालाही चेक म्हणतात. आपला परक्राम्य संलेखांचा, म्हणजे चेक-हुंडीसारख्या कागदांचा, कायदा १८८१चा, ब्रिटिशांच्या अमलात झालेला, त्यामुळे भारतात ब्रिटिश स्पेलिंग आले. ताईंना शब्दकोशात दोन स्पेलिंगे दिसली, त्याचे कारण एवढेच आहे. शब्द दोन नाहीत.

स्थळप्रतीवरून आठवले म्हणून सांगतो. त्याच एक्सचेकरमध्ये पावतीसाठी लाकडाच्या पट्ट्या वापरत. रकमेइतक्या खाचा पाडायच्या, पट्टी उभी चिरायची, एक भाग देणाऱ्याकडे आणि दुसरा घेणाऱ्याकडे. दोन्ही भाग पुन्हा जुळवले की खाचा जुळल्याच पाहिजेत. लबाडीला जागा नाही. ही पद्धत बंद झाल्यावर साठलेल्या पट्ट्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसदभवनाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत संसदभवनाचा मोठा भाग भस्मसात झाला.

सुरसागरकाठ

‘चौकड्या’बाबतचे माझे मत मी मागे घेतो. परंतु बँकेच्या चेकविषयी एका व्याख्यानात वेगळे ऐकले होते, की तो अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला. अरब व्यापारी एका गावात सक्क लिहून देत आणि दुसऱ्या गावात त्याचे पैसे मिळत. यात तथ्य आहे का?

स्थळप्रत

सक्क होते, ही गोष्ट खरी. अब्बासी खलिफांच्या काळात अशा लेखी आदेशांवर मोठमोठ्या रकमा फिरत, आणि आपल्याकडची दर्शनी हुंडी ही त्याच जातीची. दाखवताच पैसे मिळणारा कागद. व्यवहार म्हणून चेक हा हुंडीचा आणि सक्काचा भाऊबंद आहे. पण वस्तूचे नाते आणि शब्दाचे नाते वेगळे मोजावे लागते. इंग्रजीत शब्द प्रथम दिसतो तो पैसे देण्याच्या आदेशासाठी नव्हे, तर मागे राहणाऱ्या तुकड्यासाठी. सक्कवरून आला असता तर पहिल्या दिवसापासून आदेशालाच ते नाव असते. शिवाय फ्रेंच भाषेने बँकेचा ‘शेक’ इंग्रजीकडून घेतला. अरबीतून आलेला शब्द भूमध्य समुद्राच्या काठी आधी दिसायला हवा होता. म्हणून मी पटाच्याच बाजूने आहे.

आपल्या शहरापुरते एक सांगतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली, आणि पुढे १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोशही प्रसिद्ध करवला. पैसा आणि शब्द दोन्हींचा चोख हिशेब ठेवणारे हे संस्थान होते. ‘धनादेश’ हा शब्द अर्थाने निर्दोष आहे आणि अर्जात मी तोच लिहितो. पण ‘चेक वटला’ या दोन शब्दांत मराठीने त्या परक्या कागदाला जसे घरात घेतले आहे, तसे मला ‘धनादेशा’त जाणवत नाही.

रावपुऱ्यातली आई

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपले उत्तर मी मुलीला दोनदा वाचून दाखवले. तिने लगेच जुन्या चेकबुकातली स्थळप्रत काढून तारखा आणि रकमा जुळवून पाहिल्या, आणि ‘हाच खरा चेक’ म्हणून ती माझ्यापुढे धरली. मी तिची चूक दुरुस्त करणार होते, प्रत्यक्षात माझीच झाली. ‘वार’ आणि ‘पान’ यांतला फरक आता मीही विसरणार नाही.

सासऱ्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. खेळ आपला, पण ‘शह’ फारसीतला, हे त्यांना थोडे जड गेले. मग त्यांनी अडीच घरे यांना विचारायला सांगितले आहे, की ‘शहेनशहा’ आणि ‘बादशहा’ यांतला शहा हाच का, आणि या ‘शाह’च्याही मागे काही शब्द आहे का?

अडीच घरे

आजोबांना माझा नमस्कार सांगावा. होय, हाच तो. आणि त्याच्या मागचा शब्द ऐकून त्यांना बरे वाटेल. ‘शाह’ हे प्राचीन फारसीतल्या ‘ख्शायथिय’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. इराणात बेहिस्तूनच्या डोंगरकड्यावर सम्राट दारयवौशने, ज्याला आपण डरायस म्हणतो, इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास एक लेख कोरवला. त्याच्या पहिल्याच ओळीत तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणजे ‘राजांचा राजा’ म्हणवतो. ‘शहेनशहा’ हा शब्द म्हणजे तीच पदवी. तिच्यातला शेवटचा ‘आनाम्’ संस्कृत शिकलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. ‘देवानाम्’, ‘नराणाम्’ म्हणतो तशी ती षष्ठी विभक्ती आहे.

या ‘ख्शायथिय’च्या मुळाशी ‘सत्ता चालवणे’ या अर्थाचा धातू आहे, आणि त्याच धातूपासून संस्कृतात ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द आले आहेत. ते फारसीने आपल्याकडून घेतलेले नाहीत आणि आपण फारसीकडून घेतलेले नाहीत. दोन्ही भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिथपासून ते दोघींकडे आहेत. म्हणजे आजोबांचा ‘शह’ आणि नातीचा ‘चेक’ हे एका शाखेवरचे, आणि ‘क्षत्रिय’ हा शेजारच्या शाखेवरचा.

आणि त्यांना एक विचारावे. आपल्या जुन्या देशी खेळात, राजाला एकदाही शह मिळालेला नसेल तर त्याला डावात एकवार घोड्याची अडीच घरे चालता येत असे. त्यांच्या लहानपणी रावपुऱ्यात तसे खेळत होते का? आठवत असेल तर नातीला एक डाव त्या नियमाने खेळून दाखवावा, कारण तिथे पहिला ‘चेक’ देण्याची किंमत आजच्या खेळापेक्षा कितीतरी अधिक असते.